सूत्राला बस दिसत नाही

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नववीच्या विज्ञानाच्या पेपरात एक गाडी हमखास असते. कधी ती बस असते, कधी आगगाडी, कधी मोटारसायकल. तिच्या वेगाकडे तुमचे कधी लक्ष गेले आहे का? ती बहुधा ताशी ३६ किलोमीटरने जाते, नाहीतर ५४ ने, नाहीतर ७२ ने. रस्त्यावरच्या पाट्या पाहाव्यात तर तिथे ४०, ६०, ८० असे आकडे असतात. मग पेपर काढणाऱ्यांनाच हे ३६ आणि ५४ इतके का आवडावेत?

कारण अगदी साधे आहे. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर ५ ने गुणून १८ ने भागावे लागते. ३६, ५४, ७२ यांना १८ ने पूर्ण भाग जातो आणि उत्तर १०, १५, २० असे सुटसुटीत येते. म्हणजे पेपर काढणारा काही दुष्ट माणूस नसतो. मुलांचा वेळ आकडेमोडीत जाऊ नये याची तो काळजी घेत असतो. त्याला तपासायचे असते ते वेगळेच. पण ते वेगळे म्हणजे काय, हे पुष्कळ मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या ध्यानात येत नाही. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

मी बरीच वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले. ‘बाई, गतीची उदाहरणे जमत नाहीत’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकले. आणि गंमत अशी, की हे म्हणणाऱ्या मुलांना गतीची तिन्ही समीकरणे तोंडपाठ असत.

ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी थोडी उजळणी करू. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल. हा बदल दर सेकंदाला सारखाच होत असेल तर ते एकसमान त्वरण. अशा गतीसाठी तीन समीकरणे आहेत. पहिले : अंतिम वेग म्हणजे सुरुवातीचा वेग, अधिक त्वरण गुणिले काळ. दुसरे : अंतर म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक त्वरण गुणिले काळाचा वर्ग याचे निम्मे. आणि तिसरे : अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग, अधिक त्वरण आणि अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट. बस्स, एवढेच. यू, व्ही, ए, एस, टी ही पाच अक्षरे आणि ही तीन समीकरणे.

मुले या समीकरणांकडे किल्ल्यांच्या जुडग्यासारखी पाहतात. कुलूप समोर आले की एकेक किल्ली लावून बघायची, फिरली ती आपली. उदाहरण पुरते वाचायचेही नाही. आकडे दिसले की ते उचलायचे आणि सूत्रात भरायचे. ही सवय मोडावी म्हणून मी वर्गात एक उदाहरण मुद्दाम घालत असे.

एक बस ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने चालली आहे. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. तिचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंदाने कमी होऊ लागला. ब्रेक दाबल्यापासून ८ सेकंदांत ती किती पुढे जाईल?

मुले दुसरी किल्ली काढत. २० गुणिले ८ म्हणजे १६०. त्यातून ४ गुणिले ६४ याचे निम्मे, म्हणजे १२८ वजा. उत्तर ३२ मीटर. हात भराभर वर होत. मग मी विचारी, ‘बरं, ५ सेकंदांत किती जाईल?’ पुन्हा आकडेमोड. १०० वजा ५०, उत्तर ५० मीटर. आणि मग वर्गात हळूहळू कुजबुज सुरू होई. ५ सेकंदांत ५० मीटर गेलेली बस ८ सेकंदांत ३२ मीटरच कशी जाईल? मधल्या तीन सेकंदांत झाले काय? एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला असेल!’

वर्ग हसला, पण ती अगदी बरोबर बोलली होती. सूत्राने खरोखरच बस मागे आणली होती. सेकंदाला २० मीटर वेग दर सेकंदाला ४ ने कमी होत गेला की पाचव्या सेकंदाला तो शून्य होतो. बस थांबली. यापुढे ब्रेक तिला मागे ढकलत नाहीत, हे तुम्हाला-मला माहीत आहे. सूत्राला ते माहीत नाही, कारण सूत्राला बस दिसत नाही. त्याला फक्त २०, ४ आणि ८ हे तीन आकडे दिसतात. बस पाहण्याचे काम उदाहरण सोडवणाऱ्याचे आहे. खरे उत्तर ५० मीटर.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा. एका लांबलचक, गुळगुळीत उतारावर खालून वर सेकंदाला २० मीटर वेगाने एक चेंडू सोडला आहे आणि त्याचा वेगही दर सेकंदाला ४ ने कमी होतो आहे, असे समजा. पाचव्या सेकंदाला तोही ५० मीटरवर थांबेल. पण तो क्षणभरच. लगेच तो परत खाली येऊ लागेल आणि आठव्या सेकंदाला निघाल्या जागेपासून खरोखरच ३२ मीटरवर असेल. आकडे तेच आणि सूत्रही तेच. बसच्या बाबतीत जे उत्तर चूक, तेच चेंडूच्या बाबतीत बरोबर. फरक आहे तो गोष्टीत. उदाहरण म्हणजे एक छोटी गोष्ट असते आणि गोष्ट समजल्याशिवाय तिच्यातले आकडे बोलत नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे.

मग गोष्ट वाचायची कशी? मी मुलांना सांगत असे, पेन खाली ठेवा आणि उदाहरण दोनदा वाचा. त्यातले मराठी नीट वाचा. ‘गाडी स्थिर स्थितीतून निघते’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘गाडी थांबते’ म्हणजे अंतिम वेग शून्य. ‘दगड गच्चीवरून सोडला’ आणि ‘दगड गच्चीवरून फेकला’ यांत एकाच क्रियापदाचा फरक आहे, पण सोडलेल्या दगडाचा सुरुवातीचा वेग शून्य असतो आणि फेकलेल्याचा नसतो. जी माहिती आकड्यांत दिलेली नसते ती अशी शब्दांत दडलेली असते. गणित कच्चे म्हणून अडलेली मुले मी पाहिली, पण त्याहून जास्त मुले वाचन घाईचे म्हणून अडलेली पाहिली.

मग एक साधे चित्र काढायचे. चित्रकला यायला नको, एक रेघ आणि एक बाण पुरे. कोणती दिशा धन मानायची ते बाणाने ठरवायचे आणि उदाहरण संपेपर्यंत बदलायचे नाही. चेंडू वर फेकला आणि वरची दिशा धन मानली, तर पृथ्वीच्या ओढीमुळे येणारे त्वरण ऋण. चेंडू वर जातानाही ऋण आणि खाली येतानाही ऋणच. इथे एक प्रश्न मी नेहमी विचारी : चेंडू अगदी वरच्या टोकाला पोचतो त्या क्षणी त्याचे त्वरण किती? बहुतेक वर्ग एका सुरात म्हणे, ‘शून्य!’ शून्य असतो तो वेग. त्वरणही शून्य असते तर चेंडूचा वेग पुढे बदललाच नसता आणि तो तिथेच लोंबकळत राहिला असता. फेकलेला चेंडू परत हातात येतो, याचा अर्थच असा की त्या क्षणीही पृथ्वीने त्याला सोडलेले नाही.

चित्र झाले की पाच अक्षरे एकाखाली एक लिहायची. माहीत असेल ते समोर मांडायचे, विचारले असेल त्याभोवती वर्तुळ करायचे. पाचांतली तीन कळली की उरलेली दोन निघतात. आणि शेवटी, उत्तर आल्यावर त्याला आरशासमोर उभे करायचे. सायकल सेकंदाला ९० मीटरने चालली आहे का? विहीर दोन किलोमीटर खोल निघाली का? तसे असेल तर पुन्हा पहिल्या ओळीवर जायचे.

विहिरीवरून आठवले. खेड्यातल्या मुलांना हे गणित करून बघायला आवडते. कठड्याशी एखादे मोठे माणूस सोबतीला घेऊन उभे राहायचे आणि विहिरीत खडा सोडायचा. ‘डुबुक’ ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. दोन सेकंद लागले तर पाणी ९.८ गुणिले ४ याच्या निम्म्यावर, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस मीटर खाली आहे. आवाजाला वर यायला लागणारा वेळ सेकंदाच्या सहा शतांश इतकाच, तो सोडून द्यायला हरकत नाही. विहीर किती परस खोल हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ताळा करता येतो.

आता एक गुपित सांगते. ही समीकरणे तीन नाहीतच. मुळात कल्पना दोनच आहेत. एक म्हणजे त्वरणाची व्याख्या, तीच पहिले समीकरण. दुसरी म्हणजे सरासरी. वेग एकसारखा वाढत असेल तर सरासरी वेग हा सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाच्या बरोबर मध्यावर असतो. स्टेशनातून सुटलेली लोकल ३० सेकंदांत सेकंदाला १५ मीटर वेग घेते असे समजा. सुरुवात शून्य, शेवट १५, सरासरी साडेसात. ३० सेकंद गुणिले साडेसात म्हणजे २२५ मीटर. झाले उत्तर. सूत्र आठवण्याची गरजसुद्धा पडली नाही. दुसरे आणि तिसरे समीकरण म्हणजे या दोन कल्पनांची बीजगणितातली लेकरे. ज्याला आई-वडील ठाऊक आहेत त्याला लेकरांची नावे पाठ करावी लागत नाहीत.

ही सरासरीची कल्पना फार जुनी आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी ती मांडली आणि त्याच शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम याने ती चित्रातून सिद्ध केली. आडव्या रेघेवर काळ आणि उभ्या रेघांनी वेग दाखवायचा. वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेला की त्रिकोण तयार होतो आणि त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. आजचा वेग-काळ आलेख तो हाच.

पुढे गॅलिलिओने ती पडणाऱ्या वस्तूंना लावून दाखवली. सरळ खाली पडणारी वस्तू इतकी वेगाने पडते की त्या काळी तिची वेळ मोजणे अवघड होते. म्हणून त्याने उतरती फळी घेतली, तिच्या खोबणीतून गोळा सोडला आणि भांड्यातून बारीक धारेने गळणारे पाणी तोलून वेळ मोजली. सारख्या-सारख्या वेळात गोळा १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे कापतो असे त्याने मांडले. त्यांची बेरीज करत जा : १, ४, ९, १६. हाच तो काळाचा वर्ग. नजरकैदेत असताना लिहून पुरे केलेले त्याचे हे पुस्तक १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन येथे छापले गेले. ज्या ओळी मुले एका रात्रीत घोकतात त्या अशा मोजून-मापून, तोलून हाती आलेल्या आहेत.

आलेखाचा उपयोग कुठे होतो ते आपल्या लोकलनेच पाहू. तिने ३० सेकंदांत १५ मीटर प्रतिसेकंद वेग घेतला, त्याच वेगाने ती ६० सेकंद धावली आणि मग २० सेकंदांत पुढच्या स्टेशनात थांबली. दोन स्टेशनांमधले अंतर किती? जुडगेवाली मुले काय करतात, तर सुरुवातीचा वेग शून्य, अंतिम वेग शून्य, काळ ११० सेकंद असे सगळे एकदम पहिल्या समीकरणात भरतात. त्वरण शून्य येते. ते दुसऱ्या समीकरणात घातले की अंतरही शून्य! म्हणजे गाडी फलाटावरून हललीच नाही. चूक इथे होते, की या प्रवासात त्वरण एकसमान नाही. त्याचे तीन तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याचे त्वरण वेगळे आहे. तुकडे वेगळे सोडवले तर २२५, ९०० आणि १५० मीटर, मिळून १,२७५ मीटर येतात. आलेख काढला तर समलंब चौकोन दिसतो. समांतर बाजू ११० आणि ६०, उंची १५. क्षेत्रफळ तेच, १,२७५.

‘एकसमान’ हा शब्द या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. तो विसरला तर काय होते? ढग दोन किलोमीटर उंचीवर आहे असे धरा आणि तिथून पडणारा पावसाचा थेंब तिसऱ्या समीकरणात घाला. जमिनीवर येताना त्याचा वेग ताशी ७०० किलोमीटरहून अधिक निघतो. असा पाऊस पडता तर आपल्याला छत्र्या नव्हे, पोलादी छपरे घेऊन हिंडावे लागले असते. प्रत्यक्षात टपोरा थेंबसुद्धा सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानेच येतो. हवेचा विरोध वाढत जातो, त्वरण कमी कमी होत शून्यावर येते आणि मग थेंब एकाच वेगाने पडत राहतो. समीकरण खोटे नव्हते, ते त्या थेंबाचे नव्हते इतकेच.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, बाई, हे सगळे मार्कांपुरते ठीक आहे, पुढे त्याचा उपयोग काय? म्हणून आता तिसऱ्या समीकरणाकडे येते, ज्यात वेगाचा वर्ग आहे.

आधी घरात करता येईल असा एक प्रयोग. ३० सेंटिमीटरची पट्टी एकाने वरून उभी धरायची. दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेशी अंगठा आणि बोट किंचित उघडे ठेवून तयार राहायचे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरून हातात आली तर दुसऱ्या समीकरणाने वेळ निघते सेकंदाचा पाचवा भाग. डोळ्याने पाहून बोट मिटायला एवढा वेळ लागतो, आणि तोही सगळे लक्ष पट्टीवर असताना. गाडी चालवताना अचानक काही दिसणे, ते उमगणे, पाय किंवा हात ब्रेकवर जाणे या सगळ्याला एक सेकंद धरणे वाजवी आहे. मोबाइलवर बोलणाऱ्याला त्याहून जास्त.

आता गाडीचे ब्रेक तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी करतात असे धरू. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर १० मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट करा, ताशी ७२. ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते : ४० मीटर. तिप्पट करा, ताशी १०८. अंतर नऊपट : ९० मीटर. यात तो उमगण्याचा एक सेकंद मिळवा, त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने धावतच असते. मग आकडे होतात २०, ६० आणि १२० मीटर. पाऊस पडून रस्ता निसरडा झाला आणि ब्रेकचा जोर निम्म्यावर आला तर ब्रेकची अंतरे दुप्पट होतात.

एक शेवटचे उदाहरण. दोन मोटारसायकली शेजारून चालल्या आहेत, एक ताशी ५० ने, दुसरी ७० ने. पुढे एक मूल चेंडूमागे रस्त्यावर धावत येते. दोघेही एकाच जागी, एकाच क्षणी, सारख्याच जोराने ब्रेक लावतात. ५० ची गाडी मुलापासून वीतभर अंतरावर थांबते. त्या जागी ७० च्या गाडीचा वेग किती असेल? वर्गात मी विचारले की उत्तर येई, ‘७० वजा ५०, म्हणजे २०.’ पण वजाबाकी वेगांची नाही, वर्गांची करायची असते. ४,९०० वजा २,५००, म्हणजे २,४००, आणि त्याचे वर्गमूळ ४९. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथून दुसरी ताशी ४९ किलोमीटर वेगाने जाते. उमगण्याचा एक सेकंद हिशेबात धरला, तर मघाच्याच ब्रेकने हा आकडा ५६ पर्यंत चढतो. आणि ताशी ४९ ने आदळणे म्हणजे काय? तिसरेच समीकरण पुन्हा वापरा. तेवढा वेग यायला वस्तू साडेनऊ मीटर उंचीवरून पडावी लागते. म्हणजे सुमारे तीन मजले.

हे उदाहरण फळ्यावर सुटले की वर्ग काही वेळ गप्प होत असे. मी ते दरवर्षी का घेत आले, तेही सांगते. माझ्या नोकरीच्या काळात दोन वेगवेगळ्या वर्षी, शाळा सुटून वर्षही झाले नव्हते तोवर, माझ्या वर्गातली दोन मुले मोटारसायकलवर गेली. दोघांनाही समीकरणे पाठ होती. वेगाच्या डोक्यावरचा तो छोटा दोनचा आकडा रस्त्यावर काय करतो हे त्यांना कुणी दाखवले असते तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण दाखवणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षातला आकडा आहे : देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांतली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात. देशभरातल्या या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. आपण मुलाला सांगतो, ‘हळू चालव.’ मूल मान डोलावते. ‘हळू’ला माप नसते. ५० आणि ७० यांतला फरक त्याला २० चा वाटतो, आणि तो तसा नाही हे त्याच्याच नववीच्या वहीत लिहिलेले असते.

म्हणून पालकांना एक विनंती. आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन आपल्याच गल्लीच्या वळणावर जा. वळणाआडून कुणी आले तर ते किती मीटरवरून दिसेल, हे पावलांनी मोजा. समजा २० मीटर आले. तर मग एक सेकंद उमगायला आणि उरलेले अंतर ब्रेकला धरून, इथे कोणत्या वेगाची गाडी वेळेत थांबेल ते मुलाला काढू द्या. कोरड्या रस्त्यावरचे उत्तर मघाच्या हिशेबात येऊन गेले आहे, ताशी ३६. ओल्या रस्त्यावरचे मी सांगत नाही, ते त्याचे त्याला सोडवू द्या. त्याला वेळ लागला तरी सूत्र सुचवू नका. आधी रस्ता नीट पाहू द्या.